पृथ्वीच्या आकाशाची चिंधी

आमच्या खोलीला खिडक्या दोन, पण बाबांच्या लेखी एकच. दुसरी गॅलरीकडे उघडते. तिच्यातून वारा येतो, शेजारच्यांच्या फोडणीचा वास येतो, न विचारता सल्ले येतात. बाबांची खिडकी उत्तरेची. तिच्याशेजारची दोन हात भिंत त्यांनी राखाडी रंगवून घेतली आहे आणि तिथे कॅलेंडरसुद्धा लावू देत नाहीत. नवीन माणूस आला की विचारतोच, इथला रंग संपला होता का म्हणून.

बाबा परळच्या गिरणीत रंगखात्यात होते, आणि त्यातही शेड जुळवणारे. बाहेरून आलेला नमुन्याचा तुकडा आणि गिरणीत रंगवलेला तुकडा शेजारी शेजारी धरायचे, नजर टाकायची आणि 'पास' म्हणायचं किंवा मान हलवायची. मान हलली की रंगाचा सगळा घाणा थांबायचा. त्यांचे नियम कडक होते. दक्षिणेचा उजेड पिवळा, पश्चिमेचा तांबूस आणि ट्यूबलाइटचा तर निव्वळ खोटा. रंग बघायचा तो उत्तरेच्या उजेडात, सकाळी, आणि तोही तीन आकडे मोजेपर्यंतच. जास्त वेळ बघितलं की डोळा रंगाला सरावतो आणि खोटं बोलायला लागतो. मग राखाडी भिंतीकडे बघायचं, डोळा धुऊन घ्यायचा आणि पुन्हा वळायचं. भिंत होती ती त्यासाठी.

आणखी एक नियम होता, तो आईसाठी. बाबा खिडकीत चिंधी घेऊन उभे राहिले की आई हमखास काही तरी विचारायला तिथे जायची. बाबा मान न वळवता म्हणायचे, "बाजूक हो गो. तुझो रंग पडता." शेजारी कोणी रंगीत लुगड्यात उभं असलं की त्याची झाक पांढऱ्या कापडावर पडते, हे खरंच आहे. आई अर्धं पाऊल सरकायची. अर्धंच. मी लहानपणापासून हे इतक्या वेळा ऐकलंय की अजूनही कोणी खिडकीत काही बघत असलं तर मी आपोआप बाजूला होते.

गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर बाबांनी लालबागच्या एका गाळ्यात ओढण्या आणि फेटे रंगवले, पासष्टीपर्यंत. मी शिकले, विज्ञान शिकवायला लागले. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे सांगण्यासारखी नाहीत. आम्ही तिघं त्या खोलीत राहिलो आणि तीन वर्षांपूर्वी दोघंच उरलो.

आई गेली त्यानंतर पंधरवड्यात मी तिच्या साड्या गावाहून आलेल्या मावशीबरोबर पाठवून दिल्या. द्यायच्या असतातच. पण मी ज्या घाईने दिल्या ती घाई माझी होती. कपाट उघडलं की तिचा वास यायचा आणि मला शाळेत जायला उशीर व्हायचा. दोन गाठोडी बांधली आणि मोकळी झाले. पुढे महिन्याभराने जेवता जेवता बाबांनी विचारलं, "निळी खंय गेली?" मी म्हटलं, सगळ्यांबरोबर गेली. ते "बरां" म्हणाले आणि ताक मागितलं.

मी दुसऱ्या दिवशी मावशीला फोन केला. तिला बिचारीला कुठली निळी तेच आठवेना. तीन-चार जुन्या सुती साड्यांची मिळून गोधडी शिवली होती, त्यातली असेल म्हणाली. मी विषय सोडला. खरं सांगायचं तर मलाही ती साडी नीट आठवत नव्हती. निळी होती, आई ती सणावारी नाही तर उगीच एखाद्या मंगळवारी नेसायची, एवढंच. एका फोटोत आहे ती, पण त्या फोटोचे रंग उडालेत आणि साडी त्यात विटकरी दिसते.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं. दर वर्षी तोच ज्वालामुखी आणि तेच पवनचक्कीचं मॉडेल बघून माझं डोकं उठलं होतं, म्हणून मी म्हटलं, आपण ग्रहांची आकाशं करू. ग्रह सगळेच करतात, थर्माकोलचे चेंडू रंगवतात. त्या ग्रहावर उभं राहून वर बघितलं तर काय रंग दिसेल, ते दाखवू. वर्गाच्या छताखाली मोठी कापडं ताणायची आणि मुलांनी एका आकाशाखालून दुसऱ्या आकाशाखाली जायचं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कल्पना छान, कापडं कोण रंगवणार?

बाबांना मी विचारलं तेव्हा त्यांनी आधी आढेवेढे घेतले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, दोन्हीकडे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं आणि बाबांनी दोन्ही वेळा त्यांना टोलवलं होतं. एकदा सर्दी, एकदा पितृपक्ष. पेपर वाचता येत नव्हता, मिरची आणि शेवग्याची शेंग यांत गल्लत व्हायची, पण विचारलं की म्हणायचे, "डोळ्याक काय धाड भरली नाय." मला वाटलं, रंगाच्या निमित्ताने तरी त्यांना कळेल. सरळ सांगते, माझा तो डाव होता.

पण ते कामाला लागले आणि मी डाव विसरले. मांजरपाटाचे ताके आले. पितळी टोप माळ्यावरून खाली आला, रंगाच्या पुड्या आल्या, किलोकिलोने मीठ आलं, कारण सुती कापडावर रंग पकडायला उकळत्या पाण्यात मीठ लागतं. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच त्या घरात सकाळी काही तरी जोरात उकळत होतं. बाबांनी मला समोर बसवलं आणि गिऱ्हाईक काय मागतंय ते स्पष्ट सांग म्हणाले.

मग मी त्यांना आकाशं सांगितली. आपल्याकडे हवेचे कण इतके बारीक की उजेडातला निळा तेवढा सगळीकडे उधळला जातो आणि बाकीचे रंग बरेचसे सरळ निघून जातात, म्हणून वर बघावं तिकडे निळं. मंगळावर हवा नावापुरती, पण तांबूस धूळ सतत तरंगत असते, म्हणून दिवसा तिथलं आकाश फिकट बदामी. आणि सूर्य मावळताना मात्र त्याच्याभोवती निळसर झाक, कारण ती धूळ नेमक्या अशा आकाराची आहे की निळा उजेड सूर्याच्या बाजूने पुढे येतो. शुक्रावर ढगांची जाडजूड दुलई, खाली येतो तो उजेड पिवळट नारिंगी. युरेनस आणि नेपच्यूनच्या हवेत मिथेन, तो तांबडा गिळून टाकतो, उरतो हिरवट निळा. चंद्रावर हवाच नाही, म्हणून सूर्य डोक्यावर असतानाही आकाश काळं.

बाबा सगळं ऐकून म्हणाले की यात नवीन काही नाही. उजेड एकच, मध्ये काय आलं त्यावर रंग. रंगखात्यात वाफ दाटली की दिवा तांबूस दिसायचा आणि दार उघडलं की तोच दिवा पांढरा. मी चाळीस मिनिटांचा तास घेऊन जे शिकवते ते त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. मला कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला.

चंद्राला त्यांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. काळा सर्वांत अवघड, लोकांना वाटतं सोपा. काळ्यात निळा डोकावतो किंवा तांबडा. तीन वेळा बुडवून मग तो त्यांच्या मनासारखा झाला. शुक्राला हळद चालेल का विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. रोज एक आकाश गॅलरीतल्या दोरीवर वाळायचं. शेजारीण येता-जाता विचारायची, आज कुठलं आकाश घातलंय वाळत. मंगळाच्या दिवशी पाणी टपकून खालच्या मजल्यावरच्या पांढऱ्या शर्टावर एक बदामी ठिपका पडला आणि त्यावरून जे झालं ते लिहीत नाही.

प्रत्येक आकाशाआधी चिंधी. दोन बोटं रुंद पट्टी टोपात बुडवायची, पिळायची, आणि इस्त्री फिरवून वाळवायची, कारण ओला रंग गडद दिसतो. मग खिडकी. तिथे एक अडचण होती. समोरच्या गिरणीच्या जागेवर काचेचा टॉवर उभा राहिलाय आणि नऊच्या पुढे ऊन त्या काचांवर आपटून आमच्या उत्तरेच्या खिडकीत हिरवट होऊन येतं. बाबा त्या टॉवरला जे म्हणतात ते मालवणीत आहे आणि मालवणीतच राहू दे. थोडक्यात, नऊच्या आत काय ते ठरवायचं. पास झालेली चिंधी शेडवहीत चिकटवायची. ही वही गिरणी सुटल्यावरही त्यांनी सोडली नव्हती. चिंधीशेजारी रंग किती, मीठ किती, उकळी किती वेळ, आणि वर शेडचं नाव.

पृथ्वी त्यांनी शेवटी घेतली. मला वाटलं होतं हे तासाभराचं काम, कारण आकाश तर खिडकीतच होतं, बघायचं आणि करायचं. पण बाबा बाहेर बघतच नव्हते. चिंधी काढायचे, भिंतीकडे बघायचे, डोळे मिटायचे, उघडून चिंधीकडे बघायचे आणि मान हलवायचे. चार सकाळी त्यात गेल्या. चार दिवसांत चौदा चिंध्या झाल्या. पाचव्या दिवशी ते हळूच "पास" म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला जरा वेगळा वाटला. मी डबा भरत होते, घाईत होते.

संध्याकाळी घरी आले तर दोरीवर आकाश वाळत होतं. ते बघून मी जिन्यातच थांबले. इतका भडक निळा मी कापडावर कधी बघितला नव्हता. जांभळ्याकडे झुकलेला, डोळ्यांत घुसणारा. जाहिरातीच्या फलकावर शोभला असता. शेजारीण दारात उभी होती, ती या वेळी काहीच बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं मला जास्त लागलं. ज्या माणसाने मान हलवली की गिरणीत घाणा थांबायचा, त्याच्या हातून हे झालं होतं.

कारण मला कळत होतं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्याचं भिंग पिवळं पडणं. पिवळ्यातून निळा पार होत नाही, म्हणून त्यांना निळा कमी दिसतो, म्हणून ते निळा वाढवत गेले, मनासारखा दिसेपर्यंत. मी हे त्यांना सांगायला हवं होतं. शिक्षिका आहे मी, चूक दाखवणं हा माझा धंदा आहे. पण जिभेवर येईना. बाबा आत बसून दोन्ही हातांना लागलेली निळाई बघत होते आणि आई गेल्यापासून मी त्यांना इतकं निवांत बघितलं नव्हतं.

मग मी जे केलं ते असं. दुसऱ्या दिवशी कापडं शाळेत न्यायची होती. बाकीची पाच मी थेट वर्गात नेली आणि पृथ्वी घेऊन शाळेच्या मोरीत गेले. गरम पाणी, धुण्याचा सोडा, पुन्हा गरम पाणी. निळं पाणी नाल्यात गेलं, कितीतरी वेळ जात राहिलं. शेवटी कापड साधं, फिकट, पुस्तकातल्यासारखं आभाळी झालं. मी ते छताला ताणलं. प्रदर्शन चांगलं झालं. मुलं शुक्राखाली उभी राहून एकमेकांचे पिवळे हात बघत होती, कारण तिथे मी दिव्याला पिवळा जिलेटीन कागद लावला होता. बाबा आले, पाहुण्यांच्या खुर्चीत बसले, टाळ्या घेतल्या. पृथ्वीच्या आकाशाखाली मान वर करून बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, इथे ट्यूबलाइट आहे, कळत नाही. मी हो म्हटलं.

ऑपरेशनला ते फेब्रुवारीत तयार झाले, तेही शेवग्याच्या शेंगेऐवजी मिरची चावल्यामुळे. आधी उजवा डोळा, महिन्याने डावा. उजव्यावरची पट्टी निघाली तेव्हा ते डॉक्टरीणबाईंकडे बघायच्या ऐवजी त्यांच्या पांढऱ्या कोटाकडे बघत बसले. टॅक्सीत हाताने एकदा डावा डोळा झाकायचे, एकदा उजवा. घरी आल्यावर म्हणाले की खोलीच्या भिंती पिवळ्या आहेत हे मी त्यांना कधी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, काळा चष्मा काढून, ते शेडवही घेऊन खिडकीत बसले. मी चहा ठेवत होते. पानं उलटण्याचा आवाज थांबला तेव्हा कुठलं पान आलंय ते मला कळलं. त्यांनी मला हाक मारून प्रदर्शनाची कापडं मागितली. मी ती मोठ्या पिशवीतून काढून दिली. पृथ्वीचं कापड त्यांनी मांडीवर पसरलं, वर चिंधी ठेवली. भडक चिंधी, फिकट कापड. तीन आकडे. भिंत. पुन्हा तीन आकडे.

"ह्यां कोणी धुतल्यान?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, मोरी, सोडा, नाल्यात गेलेलं निळं पाणी. मुलं हसतील म्हणून केलं असं म्हटलं, मग म्हटलं की नाही, तुम्हाला हसतील म्हणून केलं. बाबा रागावतील याची मी वाट बघत होते. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

ते चिंधीकडे बघत म्हणाले, "धुतलंस ता बरां केलंस. आभाळ नव्हताच ता. तुझ्या आवशीची साडी होती ती."

मग त्यांनी सांगितलं ते मला पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा कळत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला साडी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी पांढरी सुती साडी आणून याच टोपात रंगवली होती. तो रंग कुठल्या नमुन्यावरून केलेला नव्हता. आईने काय सांगितलं होतं, तर सकाळी बंदरावर आभाळ असतं तसला हवा. मालवणच्या बंदरावरची सकाळ तिच्या डोक्यात होती आणि बाबांनी ती तिला विचारून विचारून टोपात उतरवली. तेव्हा त्यांनी वही ठेवली नव्हती, नवखे होते. म्हणून त्या शेडचं पान कुठेच नाही. साडी होती तोवर काळजी नव्हती.

दोन गाठोडी मला दिसत होती, आणि त्यांच्या गाठी मारणारे माझे हात.

पुढचं त्यांनी रंगखात्यातल्या आवाजात सांगितलं, जणू एखाद्या तक्रारीचा निकाल देत होते. ही चिंधी उजव्या डोळ्याने बघितली तर नापास, कोणी पोरानेही नापास केली असती. पण उजवा झाकून डाव्याने बघितली तर तीच साडी. तंतोतंत. धाग्याला धागा. डॉक्टरीणबाईंनी डाव्याची तारीख दिली आहे ती रद्द कर म्हणाले.

"ह्यो डोळो ऱ्हवांदे. ह्या डोळ्यात ती आसा."

मी तारीख रद्द केली नाही आणि ठरल्याप्रमाणे जाऊ असंही म्हटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की डाव्यातला मोतीबिंदू पिकत आलाय, फार थांबलात तर ऑपरेशन कठीण होईल आणि कदाचित उपयोगही होणार नाही. म्हणजे थांबलं तरी काही दिवसांनी तो डोळा पांढरा पडणार आणि त्यातली साडी जाणारच. हे त्यांना सांगायचं कोणी? मीच. आणि कोणत्या तोंडाने? साडी गावाला पाठवणारी मीच आणि आकाश धुणारीही मीच. आठवडाभर मी शाळेत जाऊन आले, स्वयंपाक केला, आणि रोज सकाळी त्यांना उजवा डोळा तळव्याने झाकून त्या दोन बोटांच्या चिंधीकडे बघताना बघितलं. मला आईची आठवण येते हे मी इतकी वर्षं कोणाला म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात मी ते भाजी चिरताना मोठ्याने म्हटलं. बाबांनी ऐकलं की नाही माहीत नाही.

उत्तर मला सातवीच्या वर्गात मिळालं आणि ते मी स्वतःच फळ्यावर लिहीत होते. नेपच्यून. जुन्या फोटोंत तो गर्द निळा दिसायचा, कारण ढगांच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून फोटोंचा रंग वाढवला होता. आता नीट हिशेब केल्यावर कळलंय की तो बराच फिकट आहे, युरेनसचा भाऊ शोभेल इतका. एका मुलीने विचारलं, मग बाई, जुना फोटो खोटा का? मी म्हटलं, खोटा नाही, कसा वाढवला ते माहीत असलं की त्यावरून खरा रंग परत काढता येतो. वाक्य बोलून झालं आणि मी खडू हातात धरून उभीच राहिले.

शुक्राच्या दिव्याचा पिवळा जिलेटीन कागद प्रयोगशाळेच्या कपाटात होता. मी तो घरी आणला आणि बाबांना म्हटलं, नमुना तुमच्या डाव्या डोळ्यात आहे ना? मग तो डोळा आहे तोवर नमुना जुळवून घ्या. डाव्याने नुसती चिंधी बघा, उजव्याने या कागदातून बघा. दोन्ही सारखं दिसलं की पास. भिंग पिवळं पडलं म्हणजे तुमच्या डोळ्यात हाच कागद लागलाय, वेगळं काही नाही. मी हे घाबरत घाबरत म्हटलं. त्यांनी कागद बोटांत चुरगाळून बघितला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, हा फार हिरवा मारतो.

म्हणजे काम घेतलं होतं.

त्या दिवसापासून ऑपरेशनच्या तारखेपर्यंत अकरा सकाळी होत्या. एक पदर पिवळा कमी पडला. दोन पदरांनी निळा मेला. लालबागच्या बाजारातून मी मधाच्या रंगाचा कागद आणला, तो तांबूस गेला. मग पिवळा एक आणि चहाच्या कोमट पाण्यात बुडवून वाळवलेला पतंगाचा कागद एक. चहा किती वेळ ठेवायचा यावर आमची दोन दिवस वादावादी झाली. डावा झाकायचा, उजवा झाकायचा, तीन आकडे, भिंत. नऊच्या आत. मी शाळेत उशिरा जायला लागले आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं. त्या अकरा सकाळी आम्ही आईबद्दल जितकं बोललो तितकं तीन वर्षांत बोललो नव्हतो, आणि बहुतेक बोलणं चहा आणि कागदाचंच होतं.

दहाव्या सकाळी बाबांनी डावा डोळा उघडला, झाकला, उजवा उघडला, झाकला. भिंतीकडे बघितलं. पुन्हा तेच केलं. मग वही बंद न करता गुडघ्यावर ठेवली.

"पास," म्हणाले.

तारखेला ते स्वतःहून धुतलेला सदरा घालून तयार बसले होते.

आता दोन्ही डोळे स्वच्छ आहेत. टॉवरच्या काचा किती घाणेरड्या आहेत तेही त्यांना दिसतं आणि ते रोज सांगतात. शेडवहीच्या शेवटच्या पानावर ती चिंधी चिकटवलेली आहे, आणि तिच्यावर खिडकीच्या दारासारखा उघडझाप करणारा कागद, एक पिवळा आणि एक चहाचा. शेजारी रंग, मीठ, उकळी सगळं लिहिलंय. शेडच्या नावाची जागा रिकामी आहे. मी विचारलं नाही.

परवाच्या रविवारी सकाळी ते वही घेऊन खिडकीत बसले होते. मी सवयीने बाजूला व्हायला लागले, तेव्हा त्यांनी वही माझ्याकडे केली आणि तू बघ म्हणाले. मला काय दिसणार, मला तो रंग आठवतच नाही, असं मी म्हणणार होते. कागद खाली सोडला आणि त्यातून बघितलं.

भडकपणा गेला होता. खाली एक शांत, किंचित धुकट निळा होता आणि मी तो ओळखला. खिडकीपाशी आई उभी होती, हाताला तांदळाचं पीठ, काही तरी विचारायला आलेली, आणि बाबा मान न वळवता तिला बाजूला हो म्हणत होते, आणि ती अर्धंच पाऊल सरकत होती. मी तीन आकडे मोजले. भिंतीकडे बघायला हवं होतं. मी बघितलं नाही.